घरपोच भाजी बास्केट चालवायचीय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

शेतातली भाजी दर आठवड्याला थेट घरी पोचवायचं काम करतो म्हटलं की मेसेजमध्ये हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून सगळे एका जागी टाकतोय. सुरुवातीचे सोपे आहेत, खाली जाल तसे नडणारे. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे दिलेलं असेल तर तिथे नंबर दिलाय, तेवढं बघा.

१. बास्केट सर्व्हिस म्हणजे नेमकं काय? ऑनलाइन भाजी मागवतो तेच ना हे?

नाही. ऑनलाइन ऑर्डरमध्ये गिऱ्हाईक यादी देतं आणि विकणारा ती कुठूनही जमवतो. बास्केटमध्ये उलटं असतं, या आठवड्यात शेतात काय तयार आहे त्यावरून यादी ठरते आणि साधारण तेच सगळ्यांकडे जातं. यातही दोन प्रकार आहेत. एक म्हणजे सभासद पद्धत, लोक हंगामाच्या आधी पैसे भरतात आणि पीक जास्त आलं कमी आलं तरी वाट्याला येईल ते घेतात. जपानमध्ये १९७० च्या दशकात तेइकेई नावाने हे वाढलं, अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधलं इंडियन लाइन फार्म आणि न्यू हॅम्पशायरमधलं टेंपल-विल्टन फार्म या दोन शेतांवर सुरू झालं. दुसरा प्रकार साधं सबस्क्रिप्शन, आठवड्याचे किंवा महिन्याचे पैसे आणि जोखीम सगळी चालवणाऱ्याची. आपण यातलं कुठलं करतोय हे आधीच ठरवून लेखी ठेवा, प्रश्न १४ चं उत्तर पूर्ण त्यावर आहे.

२. माझी स्वतःची शेती नाही, तरी चालू करता येईल का?

येईल, आणि खूप जण तसंच करतात. फक्त एकाच शेतकऱ्यावर अवलंबून राहू नका. चार-पाच जण असले आणि कोण काय लावणार हे लागवडीच्या आधी बसून ठरवलं तर बरं, नाहीतर पाचही जण टोमॅटो घेऊन उभे राहतात. पालेभाजी आणि काकडीसारख्या गोष्टी एकदम न लावता दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने लावायला सांगा. दर आठवड्याला थोडं थोडं हवं असेल तर दुसरा उपाय नाही.

३. किती घरांपासून सुरू करू?

वीस-पंचवीस. त्यात निम्मे ओळखीचे असले तरी चालेल पण सगळे ओळखीचे नकोत, ओळखीचे लोक तक्रार करत नाहीत आणि गुपचूप सोडतात. पहिले दोन महिने घरं वाढवायची नाहीत. तोडणी, वजन, पॅकिंग, गाडी ही साखळी न धावपळ करता पूर्ण होते का एवढंच बघायचं.

४. एका बास्केटमध्ये किती भाजी घालायची?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि याचं उत्तर बहुतेकांना आवडत नाही, तुम्हाला वाटते त्यापेक्षा कमी घाला.

जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते, म्हणजे चार माणसांच्या घराला आठवड्याला ११ किलोच्या वर. कागदावर बरोबर आहे पण हा हिशेब बास्केटला लावू नका. लोक बाहेर जेवतात, फळं वेगळी आणतात, एक दिवस कंटाळा येतो, एक दिवस पाहुणे जेवायला बोलावतात. तीन-चार माणसांच्या घराला ४ ते ५ किलो, सात-आठ प्रकार, एवढ्यावर सुरू करा. दोन माणसांसाठी २ ते अडीच किलोचं छोटं बास्केट वेगळं ठेवा, त्यात प्रकार पाच.

का, तर लोक भाजी कमी पडली म्हणून सबस्क्रिप्शन बंद करत नाहीत. कमी पडली तर कोपऱ्यावरून आणतात. उरली म्हणून बंद करतात. बुधवारी नवीन पिशवी येते आणि फ्रीजमध्ये मागच्या बुधवारची जुडी पिवळी पडून बसलेली असते, ती फेकताना जीव वर-खाली होतो, पैशाचंही वाटतं आणि कुणाच्या तरी कष्टाचंही. असं तीन-चार वेळा झालं की "सध्या थोडं थांबतो" असा मेसेज येतो. कारण विचारलं तर कुणी खरं सांगत नाही, "बाहेरगावी जातोय" वगैरे सांगतात.

रचना म्हणाल तर टिकणारे दोन प्रकार (बटाटा, गाजर, कोबी, भोपळा यातलं काही), पालेभाजी दोनच जुड्या, फळभाज्या दोन-तीन, चवीला काहीतरी हिरवं एक. अनोळखी भाजी एका वेळी एकच, आणि तिचं काय करायचं ते दोन ओळीत सोबत लिहून.

५. गिऱ्हाईकाला भाज्या निवडू द्यायच्या का?

पूर्ण निवड दिली की तुमचं काम किराणा दुकानासारखं होतं, प्रत्येक पिशवी वेगळी, पॅकिंगला तिप्पट वेळ, आणि सगळे टोमॅटो-बटाटा घेणार मग बाकीचा माल कुणी घ्यायचा. अजिबातच निवड नाही असंही चालत नाही. मधला रस्ता म्हणजे प्रत्येकाला "हे कधीच नको" म्हणून दोन भाज्या कळवायची मुभा आणि त्याबदल्यात काय द्यायचं ते तुम्ही ठरवायचं. दुसरं, पॅकिंगच्या जागी किंवा उचल पॉइंटवर (जिथून लोक स्वतः येऊन बास्केट नेतात) एक अदलाबदलीचा क्रेट ठेवा, नको असलेलं त्यात टाका आणि त्यातलं दुसरं घ्या. याला काडीचा खर्च नाही आणि लोकांना फार आवडतं.

६. भाव कसा ठरवायचा? बाजारभावाप्रमाणे की स्वतःचा?

रोजच्या बाजारभावाला बांधून घेऊ नका. भाव पडला की गिऱ्हाईक कमी करायला सांगणार, चढला की शेतकरी वाढवून मागणार, आणि दोन्हीकडून तुम्हीच बोलणी खाणार. शेतकऱ्याशी हंगामाचा एक ठरलेला दर करा, त्याचा उत्पादन खर्च आणि मजुरी धरून, आणि बास्केटची किंमत पण हंगामभर तीच ठेवा.

आता हिशेबात लोक कुठे चुकतात ते सांगतो. घट. समजा १०० किलो माल घेतला, निवडताना आणि सुकण्यात १२ किलो गेला, विकला गेला ८८. मग किलोमागे खर्च १२ टक्क्यांनी वाढत नाही, १०० भागिले ८८ म्हणजे जवळपास १४ टक्क्यांनी वाढतो. पालेभाजीला घट याच्या दुप्पटही असू शकते, म्हणून प्रत्येक भाजीची घट वेगळी लिहून काढा, सरसकट एकच आकडा धरला की पालेभाजीत तोटा होतो आणि बटाटा उगाच महाग दिसतो.

त्यावर पॅकिंगचं सामान, पॅकिंगची मजुरी, गाडी, पैसे घेणाऱ्या अॅपचं कमिशन, बदलून दिलेला माल (प्रश्न १९) आणि तुमचा स्वतःचा पगार. शेवटचा शब्द परत वाचा. "सध्या माझं मी धरत नाही, वाढलं की धरीन" असं म्हणणाऱ्यांचं काम घरं वाढली तरी तोट्यातच राहतं, कारण किंमतच चुकीची लावलेली असते आणि नंतर एकदम वाढवता येत नाही.

७. पैसे आधी घ्यायचे का नंतर?

आधी. चार आठवड्यांचे एकदम घ्या, नवीन माणसाला हवं तर एक ट्रायल बास्केट सुट्या पैशात द्या. नंतर पैसे घेतले की महिन्याचा शेवट वसुलीत जातो आणि भाजी तर खाऊन झालेली असते.

८. काढणी किती वाजता करायची? आणि कोल्ड स्टोरेज नसेल तर?

पहाटे किंवा अगदी सकाळी, ऊन चढायच्या आत. भाजी तोडल्यावरही श्वास घेत असते, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की तो वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो, म्हणजे तेवढ्याच वेगाने ती म्हातारी होते. दुपारी तोडलेल्या मालात उन्हाची धग आत भरलेली असते आणि ती धग क्रेटमध्ये कोंडली की मधला माल उकडल्यासारखा होतो. तोडलेला क्रेट बांधावर उन्हात अर्धा तास ठेवणं हे सगळ्यात मोठं नुकसान आहे आणि ते टाळायला एक पैसा लागत नाही, झाड नाहीतर ताडपत्रीची सावली पुरते.

कोल्ड स्टोरेज नसेल तर काढणी आणि डिलिव्हरी एकाच दिवशी ठेवा, किंवा संध्याकाळी काढणी आणि पहाटे डिलिव्हरी. ओलं गोणपाट, भिजवलेल्या विटांची आणि वाळूची थंड पेटी हे उपाय चालतात पण कोरड्या हवेतच, पावसाळी दमट हवेत पाणी उडतच नाही मग गारवा कुठून येणार.

आणि फ्रीज असेल तर सगळं त्यात कोंबू नका हेही तितकंच महत्त्वाचं. पालेभाजी, कोबी, गाजर यांना शून्याच्या जवळचं तापमान आणि भरपूर ओलावा मानवतो. टोमॅटो, काकडी, वांगी, तुळस यांना १० अंशांच्या खाली त्रास होतो, टोमॅटो बेचव होतो, काकडीवर पाणचट खड्डे पडतात, तुळस काळी पडते. एकच खोली असेल तर या चौघांना बाहेर सावलीत ठेवा.

९. भाजी धुवून द्यायची का? लोक म्हणतात माती असते.

कंदमुळांची माती झटकून द्या, धुवायची गरज नाही, मातीसकट ती जास्त टिकतात. पालेभाजी धुतली तर पूर्ण निथळवून द्यायला हवी, ओली जुडी पिशवीत घातली की दुसऱ्या दिवशी चिकट होते. निथळायची सोय नसेल तर धुवूच नका आणि पिशवीवर स्पष्ट लिहा की धुतलेली नाही. धुणार असाल तर पिण्याच्या लायकीचंच पाणी हवं आणि टबातलं पाणी सारखं बदलायला हवं, नाहीतर एका जुडीची घाण पन्नास जुड्यांना लागते.

याच्याशी जोडलेला प्रश्न येतो शेणखताचा. कच्चं, न कुजलेलं खत आणि काढणी यात मोठं अंतर लागतं. अमेरिकेतल्या सेंद्रिय नियमात खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर १२० दिवस आणि लागत नसेल तर ९० दिवस असं आहे. तुमच्याकडे नियम असो नसो, कच्च्या सलाडच्या भाज्यांना हे पाळायला शेतकऱ्याला सांगाच.

१०. कोणत्या भाज्या एकत्र ठेवायच्या नाहीत?

पिकलेली केळी, सफरचंद, खरबूज, पिकत आलेले टोमॅटो यांच्यातून इथिलीन वायू निघतो. त्याच क्रेटमध्ये पालेभाजी, ब्रोकोली किंवा काकडी ठेवली तर ती लवकर पिवळी पडते, गाजर कडू होतं. तीन-चार तासांच्या डिलिव्हरीत फार फरक पडत नाही, रात्रभर ठेवताना पडतो. कांदा-बटाटा एका बंद जागी नको. बटाट्याला उजेड पण नको, हिरवा पडतो आणि हिरव्या भागात सोलॅनिनसारखे विषारी घटक वाढलेले असू शकतात, तसला बटाटा बास्केटमध्ये घालायचाच नाही. गाजर-मुळ्याला पाला फोटोत छान दिसतो पण तो कंदातलं पाणी ओढतो, त्यामुळे एकतर कापून द्या नाहीतर "घरी गेल्या गेल्या पाला कापा" अशी चिठ्ठी घाला.

११. पिशव्या, खोके का क्रेट?

क्रेट सगळ्यात टिकाऊ, पण परत यायला हवेत आणि ते येत नाहीत, लोकांच्या गॅलरीत त्यात कुंड्या दिसतात. डिपॉझिट घ्या, दोन क्रेट एका घराच्या नावावर, नवा दिला की जुना उचलायचा. दोन्ही अडकले तर त्या आठवड्यात कागदी पिशवी. परत आलेला प्रत्येक क्रेट धुवून उन्हात वाळवायचा, यात सूट नाही. भरताना जड खाली, टोमॅटो वर, पालेभाजी उभी. पॅकिंगला मदतीला येणाऱ्या नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच एवढं शिकवा, बाकीचं नंतर.

१२. घरोघरी द्यायचं की एका ठिकाणी उचल पॉइंट ठेवायचा?

पैशाच्या दृष्टीने उचल पॉइंट. लोकांना काय आवडतं विचाराल तर दार. आकडा बघा, एका थांब्याला गाडी लावणं, जिना, बेल, दोन शब्द मिळून ५ मिनिटं धरली तर ४० घरांना ३ तास २० मिनिटं नुसती थांब्यांची, गाडी चालवायची वेगळी. तेवढ्या वेळात शेवटच्या घरची पालेभाजी माना टाकते. तीच ४० घरं चार पॉइंटवर वाटली तर तासाभरात मोकळे.

मधला मार्ग म्हणजे एरिया ठरवून घेणं. सोमवारी हा भाग, गुरुवारी तो भाग, आणि त्याच्या बाहेरच्याला "तुमच्या बाजूची पाच घरं जमवा, मग येतो" असं सांगायचं. एकटं लांबचं घर कितीही गोड बोललं तरी घेऊ नका. हे वाचून वाईट वाटेल पण रूटवरचं प्रत्येक लांबचं घर बाकीच्यांच्या पैशातून चालतं.

१३. गिऱ्हाईक घरी नसेल तर?

आधीच विचारून ठेवा की शेजारी, वॉचमन का दाराबाहेर सावलीत. ठेवल्यावर फोटो पाठवा. फोटो गेल्यानंतर ती पिशवी दिवसभर बाहेर राहिली तर बदलून मिळणार नाही हे नियमात लिहा, आणि तरीही वर्षातून एकदा प्रत्येकाला बदलून द्या.

१४. पाऊस, कीड, गारपीट, पीक गेलं. पैसे परत द्यायचे का?

सभासद पद्धत असेल तर नाही, जोखीम वाटून घ्यायची म्हणूनच लोक सामील झालेत, पण मग शेतात काय झालं ते त्यांना फोटोसकट लगेच कळायला हवं. सबस्क्रिप्शन असेल तर हो, एकतर पैसे नाहीतर पुढे एक बास्केट. अर्धवट नुकसानीत म्हणजे सातऐवजी चारच प्रकार निघाले तर त्या चारांचं वजन वाढवा आणि आदल्या दिवशी कळवा. आदल्या दिवशी कळवलं की बहुतेक लोक समजून घेतात, पिशवी उघडल्यावर कळलं की फसवल्यासारखं वाटतं. नुकसान सारखंच असतं.

पैसे परत देता यावेत म्हणून आगाऊ आलेल्या पैशातून (प्रश्न ७) न दिलेल्या आठवड्यांचे पैसे खर्चात काढायचे नाहीत, वेगळ्या खात्यात ठेवा.

१५. एकच भाजी चार आठवडे सलग येतेय, लोक वैतागलेत. शेतात तर ढीग आहे.

ढीग आहे म्हणून सगळ्यांच्या पिशवीत दोन-दोन किलो घालणं हा मोह प्रत्येकाला होतो, "फुकट जास्तच देतोय ना" असं वाटतं. प्रश्न ४ परत वाचा. ठरलेल्या वजनाच्या वर द्यायचं नाही. जास्तीच्या मालाला वेगळी वाट काढा: स्वस्तात पाच किलोचा मोठा डाग ज्याला साठवणीला हवा त्याला, खानावळ, मेस, सुकवणारे, लोणची-सॉस करणारे. आणि बास्केटमध्ये ती भाजी एक आठवडा आड. शेतकऱ्याला हे पटवणं गिऱ्हाईकाला पटवण्यापेक्षा अवघड जातं, म्हणून आठवड्याला किती उचलणार तो आकडा आधीच ठरलेला हवा.

१६. माल कमी पडला तर बाजारातून आणून घालू का?

घाला, पण सांगून. यादीत त्या भाजीपुढे "बाहेरून घेतलेली" असं लिहा. न सांगता घातली आणि एकाला जरी कळलं की बाकीच्या खऱ्या भाज्यांवरचाही विश्वास जातो, आणि हे कळतंच, कारण बिगरहंगामी भाजी शेजारच्या शेतात आली कशी एवढं लोकांना समजतं. दर आठवड्याला बाहेरून घ्यायला लागत असेल तर घरं जास्त झालीत किंवा लागवड चुकलीय.

१७. सर्टिफिकेट नाही पण औषधं मारत नाही. "सेंद्रिय" लिहू का?

लिहू नका. बऱ्याच देशांत हा शब्द विकताना वापरायला प्रमाणपत्र किंवा ठरलेली पद्धत कायद्याने लागते, लहान शेतकऱ्याला कुठे सूट आहे कुठे नाही. त्यापेक्षा काय केलं ते सरळ लिहा, कुठलं खत, कुठली फवारणी, शेवटची कधी. चार शेतकऱ्यांपैकी एक फवारणी करत असेल तर त्याचं नाव आणि भाजी वेगळी दाखवा. "केमिकल फ्री", "नॅचरल" असे गुळगुळीत शब्द मात्र नकोत, विचारलं तर सिद्ध करता येत नाहीत.

१८. अंडी, मध, मोड आलेली कडधान्यं पण घालू का? लोक मागतात.

अॅड-ऑन म्हणून ठीक, वेगळे पैसे लावून, पण प्रत्येकाचे नियम भाजीपेक्षा कडक असतात. अंड्याचंच बघा, अमेरिकेत दुकानात जाणारी अंडी धुतात आणि मग थंडच ठेवतात, युरोपियन युनियनमध्ये बहुतेक ठिकाणी पहिल्या दर्जाची अंडी धुवायला बंदी आहे. त्यामुळे आपल्याकडचा नियम बघितल्याशिवाय कुणाचं ऐकून धुवू नका. मधावर "एक वर्षाखालच्या बाळाला देऊ नये" हे लिहायचंच, बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. कच्चं दूध मी म्हणेन नकोच.

मोडांबद्दल लोकांना आश्चर्य वाटतं. ओल, ऊब आणि वेळ, मोड यायला जे लागतं तेच जंतूंनाही लागतं. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय या जंतूची मोठी साथ आली, पन्नासच्या आसपास माणसं गेली, आणि माग काढत गेले तर ती मेथीच्या मोडांपर्यंत पोचली. घालायचेच असतील तर घरी पोचेपर्यंत मध्ये कुठेही गरम न होऊ देता सतत थंड ठेवून, आणि शिजवून खा असं लिहून.

१९. कोबीत अळी निघाली, फोटो आलाय, ग्रुपवर टाकलाय. काय करू?

ग्रुपवर वाद घालू नका. तिथे फक्त "बघतो, फोन करतो" आणि खरंच फोन करा. अळी निघणं आणि माल सडका निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सडका निघाला तर प्रश्न न विचारता पुढच्या वेळी भरपाई. अळीला भरपाई द्यायची का हे तुम्ही ठरवा, मी देतो, पण सोबत मिठाच्या पाण्यात १५-२० मिनिटं बुडवून ठेवायचं हे पण सांगतो. फवारणी कमी म्हणजे अळी थोडी, हे सबस्क्रिप्शन घेतानाच सांगितलेलं असलं की असे फोटो कमी येतात. प्रत्येक तक्रार तारीख, भाजी आणि शेतकऱ्याच्या नावासकट वहीत, ती वही प्रश्न २१ ला लागते.

२०. "दोन आठवडे सुट्टीवर आहे" असे मेसेज ऐनवेळी येतात.

तोडणीच्या दोन दिवस आधीची वेळ ठरवून टाका, त्याच्या आधी कळवलं तर आठवडा पुढे सरकतो, नंतर कळवलं तर बास्केट निघणार, मित्राला द्या नाहीतर दान करा. अशा दान केलेल्या बास्केटसाठी जवळची एखादी संस्था आधीच बोलून ठेवा. सणासुदीला आणि शाळांच्या सुट्टीत तिसरा हिस्सा घरं एकदम बंद राहू शकतात, तेव्हा सर्व्हिसच एक आठवडा बंद ठेवलेली परवडते. शेतकऱ्याला मात्र हे महिनाभर आधी माहीत हवं.

२१. शेतकरी चांगला माल बाजारात देतो आणि आम्हाला उरलेला. बोललं तर म्हणतो "यावेळी असाच आला".

हे बाजारभाव चढला की हमखास होतं, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही मोह झाला असताच. त्यामुळे नुसतं रागावून उपयोग नाही. आधी वही काढा आणि तक्रारी खरंच त्याच्याच मालाच्या आहेत का बघा, बऱ्याचदा माल चांगला असतो आणि आपल्याच गाडीत खराब झालेला असतो. त्याचाच असेल तर प्रतवारीचं लेखी ठरवा, काकडी केवढी, टोमॅटो किती पिकलेला, जुडी किती ग्रॅमची, आणि वजन-निवड त्याच्यासमोर करा. ठरलेल्या दरासोबत एक तरतूद ठेवा की बाजारभाव ठरलेल्या दराच्या दीडपट वर गेला तर त्याला थोडी वाढ मिळेल आणि पार खाली गेला तरी तुमचा दर तोच राहील. दुसरा भाग तुम्ही एकदा पाळून दाखवला, म्हणजे बाजारात भाजी कुणी विचारत नाही तेव्हा तुम्ही ठरलेल्याच भावाने उचलली, की पुढच्या तेजीत तो तुमचा क्रेट आधी भरतो. एवढं करूनही नाही बदललं तर त्याची भाजी पुढच्या लागवडीपासून दुसऱ्याला द्या, चालू हंगामात तोडू नका, कारण त्या आठवड्यात त्याच्याऐवजी दुसरा माल तुमच्याकडे नसतो.